‘धोका कोणापासून’ हा रकाना

“लिहा! मोठ्या अक्षरात लिहा! माझ्या जिवाला धोका हाय, आणि तो माझ्या सख्ख्या भावापासून हाय!”

पोपटराव माझ्या टेबलावर दोन्ही हात आपटून हे ओरडले, तेव्हा तीन वर्षं दुरुस्तीच्या एकाही अर्जाला दाद न देणारा आमचा छतावरचा पंखा आपोआप फिरायला लागला. मी शपथेवर सांगतो. निवृत्त झालो त्या दिवसापर्यंत तो फिरत होता.

“लिहायचं तुम्हालाच आहे,” मी म्हणालो. “हा रकाना अर्जदाराने स्वतःच्या हाताने भरायचा. आणि निळी शाई नको, काळी.”

“माणूस मरायला लागलाय आणि तुम्हाला शाईचं पडलंय, भाऊसाहेब?”

“मेलात तर अर्ज आपोआप निकाली निघतो. जिवंत आहात तोवर काळी शाई.”

मी शस्त्र परवाना शाखेतला कारकून. कारकुनाला आमच्याकडे भाऊसाहेब म्हणतात. म्हणणाऱ्याचं काम झालं की नुसतं ‘तो’ म्हणतात. पुण्यात कुणालाही कायदेशीर बंदूक, रिव्हॉल्व्हर किंवा पिस्तूल घ्यायचं तर त्याचा कागद माझ्या टेबलावरून जायचा. निर्णय घेणारे अधिकारी वर बसायचे, चौकशी करणारे पोलीस बाहेर फिरायचे आणि मधे मी. वाचकांनी असा समज करून घेऊ नये की मी नुसता कागद सरकवत होतो. मी कागद न सरकवण्यात तरबेज होतो. या शहरातली शांतता निम्मी देवाच्या कृपेने आणि निम्मी माझ्या ‘फोटो अस्पष्ट, नवीन जोडावा’ या शेऱ्यामुळे टिकली, असं मी मुलांना सांगतो. मुलं उठून जातात, तो प्रश्न वेगळा.

धंदा तसा सोपा आहे. अर्ज भरायचा. हल्ली तो संगणकावर भरतात आणि मग त्याची छापील प्रत घेऊन रांगेत उभे राहतात, म्हणजे प्रगतीही झाली आणि रांगही राहिली. सोबत डॉक्टरचा दाखला, बंदूक चालवता येते याचा दाखला, पत्त्याचा पुरावा. तुम्हाला ओळखणाऱ्या दोन प्रतिष्ठित व्यक्तींची नावं आणि सह्या. मग पोलीस चौकीचा हवालदार घरी येऊन विचारपूस करणार, शेजाऱ्यांशी बोलणार. आणि या सगळ्याच्या मधोमध तो रकाना: धोका कोणापासून?

माणसाची खरी परीक्षा या रकान्यात होते. पेठेतले एक निवृत्त प्राध्यापक आले होते. रकान्यात सुवाच्य अक्षरात लिहिलं होतं, ‘कबुतरे’.

“कबुतरांसाठी पिस्तूल?” मी विचारलं.

“तोफेचा फॉर्म वेगळा असेल तर तो द्या.”

खराडीचा एक इंजिनियर आला, गळ्यात कंपनीचं ओळखपत्र, कानात ती पांढरी बोंडं. त्याला धोका सोसायटीच्या सेक्रेटरीपासून. पुरावा काय? तर सेक्रेटरीने ग्रुपमधून रिमूव्ह केलं. “सर, धिस इज द फर्स्ट स्टेप,” तो म्हणाला. “आज ग्रुपमधून काढलं, उद्या पार्किंग काढतील.” मी त्याला विचारलं, पिस्तूल मिळालं तर करणार काय? तो खूप विचार करून म्हणाला, “डीपी ठेवणार.”

हसण्यासारखंच आहे. पण मी एकदा हसलो नाही आणि चुकलो, तेही सांगायला हवं.

एक गृहस्थ होते, गोड बोलायचे. एकही कागद कमी नाही, फोटो स्वच्छ, शाई काळी. अशी फाइल म्हणजे कारकुनाला पक्वान्न. मी ती आठवड्यात वर पाठवली. पुढे त्यांच्या पुतण्याच्या हळदीला साहेब नाचता नाचता रंगात आले आणि हवेत बार काढला. हवेत म्हणजे त्यांच्या मते हवेत. बँडमध्ये क्लॅरिनेट वाजवणाऱ्या माणसाच्या खांद्यातून गोळी गेली. माणूस वाचला. पण तो हात पुन्हा वर झाला नाही. मी त्याला दवाखान्यात बघायला गेलो होतो, कोण म्हणून ते सांगितलं नाही. त्याला वाटलं मी मंडपवाला. फाइलमधले कागद पूर्ण होते, माणूस अपुरा होता, आणि तो रकाना आमच्या फॉर्मात नव्हता.

म्हणून मी तो तयार केला. ‘घरातील व्यक्तीचे म्हणणे, बंद लिफाफ्यात.’ हा कागद कुठल्याही कायद्यात नाही, नियमात नाही, परिपत्रकात नाही. ती माझी एकट्याची कलाकृती. पण यादीत नवव्या आणि अकराव्या कागदाच्या मधे दहावा म्हणून ती अशी काही बसली की कुणीही, अगदी दोन वकिलांनीही, कधी विचारलं नाही. सरकारी यादीत मधला कागद कुणी तपासत नाही.

आमच्याकडे चौकशीचे अहवाल घेऊन यायचे ते हवालदार मोरे. त्यांच्याशी माझा चहाच्या वेळी एकच वाद असायचा. तो मी नोकरीला असेपर्यंत संपला नाही.

“बंदुकीचा काय दोष, भाऊसाहेब? दोष माणसाच्या डोक्याचा.”

“मग मुद्देमालाच्या खोलीत डोकी जमा करा.”

“तसं न्हाई. ज्याला मारायचंच हाय त्यो दगडानं मारंल.”

“दगड शोधायला वाकावं लागतं, मोरे. वाकलं की कंबर धरते. कंबर धरली की माणूस घरी जातो. तुमच्या निम्म्या पुण्याची कंबर धरलेली आहे, म्हणून निम्मं पुणे जिवंत आहे.”

“आणि त्या चोरून आणलेल्या गावठी कट्ट्यांचं काय? त्ये तुमच्याकडं फॉर्म भरून येत्यात व्हय?”

इथे माझा चहा गार व्हायचा. कारण मोऱ्यांचं म्हणणं खरं होतं. ज्यांना खरोखर कुणाला गोळी घालायची होती त्यांनी मला कधी झेरॉक्स आणून दिली नाही. माझा सगळा दरारा कागद आणणाऱ्यांवर. पण मी मोऱ्यांना म्हणायचो, अट्टल गुंड तुम्ही बघा. माझ्याकडे येतो तो साधा माणूस, ज्याला आत्ता, या आठवड्यात राग आलाय. त्याला मी फक्त एवढंच देतो, पुढच्या महिन्याची तारीख. निम्मे लोक त्या तारखेला येतच नाहीत. राग गेलेला असतो, किंवा सुनेचं बाळंतपण असतं.

तर पोपटराव. हे पुढच्या महिन्याच्या तारखेलाही आले, त्याच्या पुढच्याही. म्हणून मी त्यांचं प्रकरण मनावर घेतलं.

हडपसरच्या पलीकडचं त्यांचं गाव शहरात आलं त्याला बरीच वर्षं झाली. वडिलार्जित शेत होतं, ते गेलं. तिथे आता काचेची इमारत आहे, आणि तिच्यात आत शिरायला शेताच्या मूळ मालकालाच पास लागतो. शिल्लक राहिली ती इमारतीच्या कुंपणाबाहेरची एक पट्टी. टेम्पो उभा राहील, वळणार नाही, एवढी. पोपटरावांना तिथे गाळे काढायचे होते. थोरले भाऊ अण्णा म्हणत होते, आईवडिलांची जमीन म्हणून एवढी तरी मोकळी राहू दे. पोपटरावांनी मोजणीवाले आणले. मोजणीवाले टेप घेऊन उतरले तर समोर अण्णा खाटेवर बसलेले, मांडीवर दुनळी बंदूक, हातात तेलाचं फडकं.

“काय म्हणाले ते?” मी विचारलं.

“काय न्हाई. नुसती पुसत हुते.”

“मग धोका कसला?”

पोपटरावांचा आवाज पहिल्यांदाच खाली आला. “भाऊसाहेब, दीड तास पुसत हुते. एवढी स्वच्छ बंदूक कुणी कशाला करतंय?”

मोजणीवाले पळाले, टेप तिथेच राहिली, आणि पोपटराव दुसऱ्या दिवशी पिस्तुलाचा अर्ज घेऊन माझ्यासमोर. दोघांचं अंगण एक. मधे नुसती तुळस. एका पडवीत दुनळी होतीच, दुसऱ्या पडवीत पिस्तूल आलं असतं तर पुढची बातमी तुम्हाला वर्तमानपत्रात वाचायला मिळाली असती, आणि त्या बातमीच्या मुळाशी माझी टिपणी असती. क्लॅरिनेटवाला रोज डोळ्यांसमोर येत होता.

योगायोग असा की त्याच आठवड्यात अण्णांच्या दुनळीच्या परवान्याचं नूतनीकरण आलं. मी मूळ परवाना काढला. कारण: ‘रानडुकरांपासून उभ्या पिकाचे संरक्षण.’ अण्णा स्वतः आले होते, धोतर, टोपी, मिशी अशी की दोन्ही टोकांना वेगवेगळे पिनकोड.

“अण्णा, पीक कोणतं?”

“लिवा की कायबी.”

“कायबी कसं लिहू? त्या शेतात आता काय आहे?”

अण्णांनी विचार केला. “संगणक.”

“आणि रानडुकरं?”

“दोन हजार येत्यात रोज सकाळी. बशीनं.”

एवढं बोलून ते टोपी सारखी करत निघून गेले. मी पोपटरावांची फाइल पुन्हा उघडली, टिपणी लिहायला म्हणून. आणि माझा चहा नाकात गेला. खोटं नाही, नाकातून चहा येऊन समोरच्या टेबलावरच्या तीन फाइली पिवळ्या झाल्या.

रकाना, धोका कोणापासून: ‘थोरले बंधू.’

त्याच्या खाली रकाना, अर्जदारास ओळखणाऱ्या प्रतिष्ठित व्यक्ती. क्रमांक एक: ‘थोरले बंधू.’ आणि समोर अण्णांची सही. खरी. दुनळीच्या अर्जावर होती तीच, शेवटी बैलाच्या शेपटीसारखा फटकारा मारलेली.

मी मोऱ्यांना दाखवलं. मोरे ते दोनदा वाचून खुर्चीत बसले. ती खुर्ची त्यांच्यासाठी नव्हती, पण मी बोललो नाही.

आमच्या अधिकारी मॅडम तरुण होत्या, कमी बोलायच्या आणि एकदा वाचलेलं विसरायच्या नाहीत. मी दोन्ही फाइली एकत्र बांधून त्यांच्यापुढे ठेवल्या. त्यांनी दोघांना एकाच दिवशी, एकाच वेळी बोलावलं. मला म्हणाल्या, “तुम्ही बसा. मोऱ्यांनाही बसवा. दोघांच्या मधे.”

सुनावणीच्या दिवशी भाऊ आले ते एकाच गाडीतून. पोपटराव चालवत, अण्णा मागच्या सीटवर, कारण पुढे बसलं तर बोलावं लागतं.

मॅडमनी पोपटरावांना विचारलं, “ज्यांच्यापासून तुम्हाला धोका आहे, त्यांचीच ओळख म्हणून सही घेतलीत?”

पोपटरावांना प्रश्नच कळला नाही. “म्हंजे?”

“थोरले बंधू. वर पण तेच, खाली पण तेच.”

पोपटरावांनी कागद हातात घेतला, वाचला आणि माझ्याकडे असं बघितलं की जणू मीच ते छापलंय. “आवो, त्यात काय? तिथं पहिल्यापासून अण्णाचीच सही असती. शाळेच्या पुस्तकावर, बँकेत, लग्नाच्या दाखल्यावर. दुसऱ्या कुणाची घ्यायची असती व्हय?”

मॅडम अण्णांकडे वळल्या. “तुम्ही सही करताना वाचलं होतं? हा अर्ज कशाचा आहे?”

“वाचलं की. पिस्तुलाचा.”

“कोणाविरुद्ध?”

“माझ्या.”

“मग सही का केलीत?”

अण्णांनी मॅडमकडे असं पाहिलं, जसं माणूस फार शिकलेल्या लहान मुलाकडे पाहतो. “धाकट्याचं काम अडाया नको म्हून.”

मोऱ्यांनी खिशातून रुमाल काढून उगाच छातीवरची नावपट्टी पुसली. मी सांगतो, तीस वर्षं मी लोकांच्या जिवावरचे धोके वाचले, पण एवढी घट्ट ओळख असलेला धोका मला परत भेटला नाही.

मग मॅडमनी दहावा कागद हातात घेतला. बंद लिफाफा. “हे काय आहे?” त्यांनी मला विचारलं. “कुठल्या नियमात?”

“परंपरा आहे, मॅडम.”

त्यांनी माझ्याकडे एक पूर्ण मिनिट पाहिलं. माझं पेन्शन डोळ्यांसमोरून गावाला जाऊन परत आलं. मग त्यांनी लिफाफा फोडला. पोपटरावांच्या सौभाग्यवती सुनंदाबाई, मुलीच्या वहीच्या पानावर:

‘माझी हरकत आहे. यांना राग आला की चष्मा डोळ्यावर असताना चष्मा शोधतात. मागे उंदराच्या पिंजऱ्यात स्वतःचे बोट अडकवले, सोडवायला अण्णांना बोलवावे लागले. पिस्तूल आणलेच तर ते कपाटात ठेवावे लागेल व कपाटाची चावी माझ्याकडे असते. म्हणजे परवाना माझ्या नावे करावा लागेल. मला नको आहे. जाऊबाईंचेही हेच म्हणणे आहे, त्यांना लिहिता येत नाही म्हणून मीच लिहिले.’

“पिंजऱ्याचं कशाला लिवलं तिनं!” पोपटराव ओरडले.

“खरं हाय त्ये,” अण्णा म्हणाले.

पण पोपटराव काही बिनडोक माणूस नव्हते. लाज वाटली म्हणून भीती जात नाही. ते खुर्चीत ताठ झाले. “मॅडम, तुम्ही सगळे माझ्यावर हसताय. पण बंदूक कुणाच्या घरात हाय? त्याच्या! मी रातच्याला पाणी प्यायला उठलो तरी आधी त्याच्या पडवीकडं बघतो. आधी त्याची काढा. मग मी अर्ज मागं घेतो.”

“आधी त्यानं मागं घ्यावा,” अण्णा म्हणाले. “मग मी बंदूक जमा करतो.”

“आधी तू!”

“आधी तू!”

मोठमोठी राष्ट्रं मोठमोठ्या हॉटेलांत बसून हेच करतात असं मी ऐकलंय. त्यांच्याकडे फक्त बिस्किटं चांगली असतात. अर्धा तास हे चाललं. शेवटी मॅडमनी मला खूण केली आणि मी माझी सगळी कारकुनी पणाला लावली. एका कागदावर लिहिलं, ‘पिकाचे प्रयोजन उरले नसल्याने बंदूक कायमची जमा करीत आहे.’ दुसऱ्यावर लिहिलं, ‘अर्ज मागे घेत आहे.’ एक अण्णांपुढे, एक पोपटरावांपुढे. हवालदार मोरे एक, दोन, तीन म्हणणार. तीनला दोघांनी एकदम सही करायची.

दोघांनी पेनं उचलली. दोघांचे डोळे एकमेकांच्या पेनावर.

“एक,” मोरे म्हणाले. एवढं दबून बोलताना मी त्यांना कधी ऐकलं नव्हतं.

“दोन.”

आणि अण्णांनी सही केली. बैलाच्या शेपटीच्या फटकाऱ्यासकट.

मोरे तीन म्हणायचे विसरले. पोपटरावांचं पेन हवेत. अण्णांचा कागद पुरा झाला होता. आता अण्णांकडे बंदूक नव्हती आणि पोपटरावांचा अर्ज जिवंत होता. मनात आणलं असतं तर ते तसेच उठून गेले असते, आणि मी काही करू शकलो नसतो. ते त्या सहीकडे बघत होते. पंखा फिरत होता. मॅडमनी श्वास सोडलेला मला ऐकू आला नाही, म्हणजे त्यांनी सोडला नव्हता.

“तीनला म्हणलं होतं!” पोपटराव एकदम ओरडले. “तीनला ठरलं होतं ना? कधी तरी ठरल्याप्रमाणं करशील का? लहानपणापासून ह्ये असंच!” आणि ओरडता ओरडता त्यांनी एवढ्या जोरात सही केली की कागद फाटला. मी तो चिकटपट्टी लावून फाइलला जोडला. आजही तसाच असेल.

दुसऱ्या दिवशी दुनळी चौकीत जमा झाली. मोरे म्हणाले, एवढी चकचकीत बंदूक त्यांच्या मुद्देमालात दुसरी नाही. आमचा वाद त्या दिवशी पुरता थांबला, मग चहाला परत सुरू झाला. मॅडमनी माझा दहावा कागद यादीतून काढला नाही. त्याबद्दल त्या एक शब्दही बोलल्या नाहीत, हेच माझं सेवापदक.

पट्टीचा निकाल मात्र आमच्या शाखेत लागत नाही. गाळे झाले की नाही, मोकळी राहिली की नाही, याची मला रुखरुख होती. निवृत्तीनंतर दोन वर्षांनी हडपसरच्या मंडईत पोपटराव भेटले. हातात मेथीच्या जुड्या. मी त्यांना बाजूला घेतलं आणि जरा चाचरतच विचारलं, “काय पोपटराव, अण्णांशी भांडण मिटलं का?”

“न्हाई,” ते म्हणाले. “त्यांना आता कमी ऐकू येतंय, म्हून शेजारी बसून भांडतो.”